घरात येणारे आणि घरातून जाणारे

लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावून, कर्जत आणि बदलापूर मागे टाकीत जी उल्हास नदी कल्याणच्या खाडीला मिळते, तिचे पाणी मोहिलीच्या उदंचन केंद्रावर उचलले जाऊन, गाळले जाऊन, निर्जंतुक होऊन डोंबिवलीतील एखाद्या स्वयंपाकघरातल्या पिंपात पडते, तेव्हा त्याने आधीच बरीच चाकरी बजावलेली असते. कारण पावसाळा सरल्यावर या नदीच्या पात्रात जे पाणी वाहते, त्यातले पुष्कळसे मावळातील आंध्र धरणातून भिवपुरीच्या वीजगृहात उतरलेले असते, आणि ते वीजगृह टाटांनी १९२२ साली सुरू केले. म्हणजे कल्याणकराचे पाणी त्याच्या घरी पोहोचण्यापूर्वी घाटाखाली वीज निर्माण करून आलेले असते. त्याच्या जोडीला बारवी धरणाचे पाणी आहे. औद्योगिक विकास महामंडळाचे हे धरण टप्प्याटप्प्याने वाढत गेले आणि त्या वाढीत मुरबाड तालुक्यातील तोंडली, काचकोली यांसारख्या गावांची घरे व शेते जलाशयाखाली गेली.

ठाण्याची हकीकत याहून फारशी निराळी नाही. शिलाहारांच्या काळी या नगरात साठाच्या आसपास तलाव होते असे सांगतात. त्यांपैकी आज पस्तीसेक उरले आहेत, आणि त्यांतल्या मासुंद्याच्या काठी कोपिनेश्वराचे देऊळ अजूनही उभे आहे. परंतु आजचा ठाणेकर पाणी पितो ते या तलावांचे नव्हे. ते भातसा नदीवरील पिसे येथून उचलले जाते व टेमघरला शुद्ध होते. शिवाय मुंबईच्या जलवाहिन्यांतून आणि इतर योजनांतूनही शहराला पाणी मिळते. भातसा, तानसा, वैतरणा ही नावे आपण वर्तमानपत्रांत धरणसाठ्याच्या कोष्टकात वाचतो. मात्र ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात व त्याच्या आसपास आहेत, तेथील कित्येक पाड्यांवर दर वैशाखात टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात, ही गोष्ट त्या कोष्टकात येत नाही. घरातला नळ हा सरकारी बंदोबस्ताचा भाग आहे, पैसे भरले की पाणी आलेच पाहिजे, अशी आपली समजूत असते. ती कायद्याने बरोबर असेलही. तथापि जे पाणी आपण वाया घालवतो ते कोणाच्या शिवारातून आलेले आहे, हे ज्या घराला ठाऊक असते त्या घरात तोटी गळत राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

येणाऱ्या वस्तूंइतकेच जाणाऱ्या वस्तूंचेही ठिकाण माहीत असावे लागते, आणि या बाबतीत कल्याण-डोंबिवलीला मिळालेला धडा महाराष्ट्रातील प्रत्येक शहराने अभ्यासावा असा आहे. कल्याण पश्चिमेला खाडीच्या बाजूस आधारवाडीची क्षेपणभूमी होती. अनेक वर्षे शहराचा सारा कचरा तेथे निव्वळ ओतला जात असे, त्याचे डोंगर चढत गेले, उन्हाळ्यात त्यांना आगी लागत, आणि तो धूर आसपासच्या वस्त्यांतून दिवसेंदिवस रेंगाळत असे. हा मामला अखेर न्यायालयात गेला. एप्रिल २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, कचऱ्याच्या विल्हेवाटीची शास्त्रीय तजवीज होईपर्यंत, या महापालिकेच्या हद्दीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली, आणि ती मनाई सुमारे वर्षभर राहिली. ज्या शहराचे अर्थकारणच इमारती बांधण्यावर उभे आहे, त्या शहराला ‘आधी कचऱ्याचे बघा, मग घरे बांधा’ असे बजावणारा हा हुकूम किती मूलगामी होता, याची जाणीव आजही पुरेशी झालेली दिसत नाही. पुढे मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन काळात, महापालिकेने ‘शून्य कचरा’ मोहीम हाती घेतली. वेंगुर्ल्याच्या कचराभूमीचा कायापालट करून नाव मिळवलेले रामदास कोकरे हे तेव्हा येथे उपायुक्त होते. ओला आणि सुका कचरा वेगळा केल्याशिवाय तो उचलला जाणार नाही, असा दंडक घालण्यात आला, आणि वर्षभराने, मे २०२१ मध्ये, आधारवाडीत कचरा टाकणे बंद झाले. ठाण्याच्या बाजूला दिव्याच्या क्षेपणभूमीचा त्रासही तेथील रहिवाशांनी अनेक वर्षे सोसला. तीही आता बंद आहे. परंतु एक क्षेपणभूमी बंद झाली म्हणजे कचरा नाहीसा झाला असे होत नाही. तो दुसऱ्या कोणत्या तरी गावाच्या वेशीवर जातो, आणि त्या गावाचे लोक जेव्हा विरोधाला उभे राहतात तेव्हा त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

वर्गीकरणाचा एवढा आग्रह का, हे मुळापासून समजून घेतले पाहिजे. कारण नियम समजला नाही म्हणजे तो केवळ पालिकेच्या माणसासमोर पाळला जातो. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेले अन्न यांना मोकळी हवा मिळाली तर सूक्ष्म जंतू त्यांचे विघटन करून माती करतात. हेच पदार्थ प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, शेकडो टन कचऱ्याच्या ढिगाखाली दाबले गेले, की हवेवाचून कुजतात आणि त्यांतून मिथेन वायू सुटतो. हाच वायू आधारवाडीसारख्या ठिकाणच्या आगींना खतपाणी घालतो. आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने पाहिले तर वातावरण तापवण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट आहे. उलट बाजूने, कोरडा कागद आणि स्वच्छ प्लास्टिक यांना भंगाराच्या बाजारात किंमत असते. त्यांवर आमटीचा हात पडला की ती किंमत संपते. तात्पर्य, दोन उपयोगी वस्तू एकत्र मिसळल्या की दोन्ही निरुपयोगी होतात आणि पुढे कितीही महागडे यंत्र आणले तरी त्या पुरत्या वेगळ्या होत नाहीत. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली क्षणभरात होणारे काम क्षेपणभूमीवर शेकडो मजुरांनाही साधत नाही. म्हणूनच घरातल्या सर्व सवयींत मी या सवयीला पहिले स्थान देतो.

चार माणसांच्या कुटुंबातून दररोज साधारण किलोभर ओला कचरा निघतो. त्याचे खत करण्यास बाग लागत नाही. खिडकीच्या जाळीत किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात मावणारी, बाजूंना भोके असलेली एक बादली अथवा मातीचे माठ एवढे पुरते. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा, त्यावर वाळक्या पानांचा, आणि मग रोजचा कचरा बारीक चिरून टाकावा, व प्रत्येक थरावर पुन्हा मूठभर वाळका पाला पसरावा. विरजण म्हणून जुने खत किंवा आंबट ताक चालते. शास्त्र इतकेच, की जंतूंना नत्राच्या पंचवीस ते तीस पट कर्ब लागतो. भाजीपाल्यात नत्र व पाणी विपुल असते आणि वाळक्या पानांत कर्ब असतो, म्हणून दोहोंची सांगड घालावी लागते. दुर्गंधी सुटली तर खत बिघडले असे समजून बादली फेकून देऊ नये. ओल जास्त झाली आहे आणि हवा पोहोचत नाही एवढाच त्याचा अर्थ, तेव्हा पाला वाढवून ढवळावे. चिलटे झाली तर वरचा थर उघडा राहिला आहे. मासळीचे काटे अगदी मधोमध पुरावेत. आंब्याच्या कोयी आणि करवंट्या मात्र वेगळ्या ठेवाव्यात, त्यांना फार काळ लागतो. दीडदोन महिन्यांत काळसर, पहिल्या पावसानंतरच्या जमिनीचा वास येणारा पदार्थ हाती येतो, आणि मूळ कचऱ्याच्या वजनाचा चौथा-पाचवा हिस्साच उरलेला असतो.

या कामी पुस्तकांत सहसा न सापडणारी अडचण आपल्या कोकणपट्टीची आहे. आषाढ-श्रावणात हवाच इतकी दमट असते की कोरडा पाला मिळेनासा होतो आणि नेमक्या त्याच वेळी बादलीला त्याची सर्वाधिक गरज असते. उपाय सोपा आहे, पण तो आगाऊ करावा लागतो. हिवाळ्याच्या अखेरीपासून चैत्रापर्यंत आपल्या रस्त्यांवर रानबदाम, पिंपळ आणि वर्षावृक्ष यांची पाने ढिगांनी पडतात, सकाळी ती झाडून कित्येक ठिकाणी पेटवून दिली जातात, आणि त्यांचा धूर शेजारच्या मुलांच्या छातीत जातो. ती पाने दोनचार गोणपाटांत भरून जिन्याखाली ठेवली की पावसाळा निभावतो. ज्यांना इतकी खटपट नको आहे, त्यांनी निदान ओला कचरा वेगळा करून द्यावा; उंबर्ड्याच्या बायोगॅस प्रकल्पासारख्या ठिकाणी निर्भेळ ओला कचराच लागतो. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ शरद काळे यांची ‘निसर्गऋण’ पद्धती आणि पुण्यात आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने केलेले घरगुती जैववायू संयंत्र, ज्याला २००६ साली लंडनचे ॲश्डेन पारितोषिक मिळाले, ही दोन्ही महाराष्ट्रातच घडलेली कामे आहेत. स्वयंपाकघरातील पिष्टमय उष्टे-खरकटे शेणापेक्षा कितीतरी अधिक वेगाने वायू देते, हे आरतीच्या प्रयोगांनी दाखवून दिले.

सुक्या कचऱ्याविषयी बोलताना आपल्या आजीच्या पिढीचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. जुन्या साड्यांच्या वाकळी आणि गोधड्या होत, विटलेल्या कपड्यांच्या बदल्यात बोहारीण भांडी देई, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून ती पुन्हा वापरात येत, आणि वाण्याकडची पुडी रद्दीत बांधलेली असे. त्या काळचे दारिद्र्य परत यावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु वस्तूचा शेवटच्या धाग्यापर्यंत उपयोग करण्याची ती विद्या होती आणि ती गरिबीपेक्षा मोठी होती. तिला आजच्या घरात जागा मिळावी. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि त्याच वर्षीच्या जूनपासून ती अमलात आली. तरीही भाजीच्या मंडईत पातळ पिशवी अजून हातात पडतेच, आणि ती नाकारण्याचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे कापडी पिशवी घराच्या दाराला अडकवून ठेवणे. दुधाच्या पिशवीची गोष्ट आणखी बारीक आहे. आपण तिचा कोपरा कापून काढतो, आणि नखाएवढा तो तुकडा कोणाच्याही हाती न लागता गटारात जातो. कोपरा पुरता न तोडता केवळ चीर द्यावी, पिशवी पाण्याने विसळून ते पाणी झाडाला घालावे, आणि दोरीवर वाळवून ती रद्दीत द्यावी. डोंबिवलीतील ऊर्जा फाउंडेशनसारख्या संस्था असे स्वच्छ, कोरडे प्लास्टिक घरोघरून गोळा करून पुनर्प्रक्रियेसाठी पाठवतात. काच, ब्लेड, सुया मात्र कागदात गुंडाळून, वर खूण करून द्याव्यात. त्या पिशवीत पुढचा हात सफाई कामगाराचा जाणार असतो.

सण-उत्सवांच्या दिवसांत ठाण्याने जे केले ते अभिमान वाटावा असे आहे. तलावांत होणारे गणेशविसर्जन कृत्रिम तलावांकडे वळवण्याच्या कामी हे शहर पुढे होते, आणि समर्थ भारत व्यासपीठासारख्या संस्थेने निर्माल्य वेगळे गोळा करून त्याचे खत करण्याची परंपरा घातली. घरच्या मूर्तीपुरते बोलायचे तर शाडूची मूर्ती बादलीत विरघळते आणि तीच माती पुढील वर्षी पुन्हा कामी येते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरी असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने शोधलेला उपाय आहे: अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ती विरघळू लागते, चुनखडी तळाशी बसते, आणि उरलेल्या द्रवात अमोनियम सल्फेट म्हणजे झाडांना चालणारे खत मिळते.

आता पुन्हा पाण्याकडे येतो. कारण येथे एका गैरसमजाने घरोघरी रोज पाणी वाया जाते. आर.ओ. पद्धतीचे शुद्धीकरण यंत्र एक लिटर पाणी पिण्यासाठी देताना तीन लिटरपर्यंत पाणी मोरीत सोडून देते. हे यंत्र क्षारयुक्त पाण्यासाठी आहे. सह्याद्रीच्या पावसावर पोसलेल्या उल्हास, बारवी आणि भातसा यांचे पाणी मुळातच मृदू असते, त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण फार कमी असते, आणि जेथे हे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी आहे तेथे या यंत्रांवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये सरकारला सांगितले होते. महापालिकेच्या पाण्याला गाळणे आणि उकळणे, किंवा अतिनील किरणांचे साधे यंत्र, पुरेसे आहे. जेथे कूपनलिकेचे वा टँकरचे जड पाणीच प्यावे लागते तेथे आर.ओ. समर्थनीय ठरेल, मात्र मोरीत जाणारे पाणी बादलीत धरून लाद्या पुसण्यास वापरावे. आंघोळीला बादलीभर, म्हणजे पंधरा-वीस लिटर पाणी पुरते, तर फवाऱ्याखाली पाच मिनिटांत त्याच्या दुपटीहून अधिक जाते. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसाकाठी पंधरा-वीस लिटर पाणी गमावते, आणि तिचा वायसर बदलायला काही रुपये पडतात.

पाणी मृदू असण्याचा आणखी एक फायदा आपण घेत नाही. मृदू पाण्यात साबणाला फेस लवकर येतो, म्हणून कपड्यांच्या पावडरीच्या डब्यावर लिहिलेल्या मापाच्या निम्म्याने काम भागते. बहुतेक घरांत मात्र त्याहूनही अधिक टाकली जाते. हा साबण, मैल्याबरोबर, गटारांतून आणि नाल्यांतून त्याच उल्हास नदीत उतरतो. बदलापूर-अंबरनाथचे सांडपाणी आणि उल्हासनगरचा खेमाणी नाला यांनी या नदीला वर्षानुवर्षे छळले. त्या पाण्यातील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी फोफावते, आणि उन्हाळ्यात मोहिलीच्या परिसरात नदीचे पात्र हिरव्या गालिच्याने झाकून जाते. त्याच ठिकाणाहून आपण पिण्याचे पाणी उचलतो. रिठ्याचे पाणी लोकरी-रेशमी कपड्यांना आजही उत्तम चालते. आणि भांड्यांवरचे तेल आधी कागदाने पुसून घेतले तर साबण निम्मा लागतो व मोरीचा नळही तुंबत नाही.

विजेविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिच्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते. आपल्या देशात ग्रिडमधून आलेल्या प्रत्येक युनिटामागे कुठेतरी सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. आपल्या उष्ण-दमट हवेत पंखा वर्षातून दहा महिने चालतो. जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, तर नव्या बीएलडीसी जातीचा ३० वॉटच्या आसपास, म्हणून दिवसाला दहा तास चालणाऱ्या एका पंख्यात वर्षाकाठी सव्वाशेच्या वर युनिट वाचतात. वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवावे. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. डाळी-कडधान्ये भिजवून शिजवणे, झाकण ठेवणे, भात कुकरात लावणे ही गृहिणींना शिकवण्याची बाब नाही. त्यांच्याकडूनच घरातील इतरांनी ती शिकायची आहे.

जे एका घराला जमत नाही ते गृहनिर्माण संस्थेला जमते, आणि त्यासाठी वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव मांडणारा एक चिवट सभासद पुरतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या क्षेत्राच्या संकुलांना ओल्या कचऱ्यावर आवारातच प्रक्रिया करण्यास सांगितले होते. लहान संस्थांनाही दोन खड्डे आणि एक विश्वासू माळी परवडतो, मात्र त्याचा पगार दरमहा हिशेबात स्वतंत्र दाखवावा, नाहीतर पहिल्या काटकसरीत हे काम बंद पडते. गच्चीवर सौरपत्रे बसवायचे असतील तर एका किलोवॉटच्या संचातून सरासरी दिवसाला चार युनिट मिळतात, आणि जिन्याचे दिवे व पाण्याचा पंप त्यावर सहज चालतात. गच्चीवरच्या पावसाचा हिशेब तर याहूनही उत्साह देणारा आहे. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तो सव्वादोन लाख लिटरांच्या वर भरतो, आणि गळती व बाष्पीभवन वजा जाता पावणेदोन लाख लिटर तरी हाती लागण्यासारखे असतात. जुन्या ठाण्यात आणि कल्याणात कित्येक आवारांत विहिरी आहेत. त्या बुजवून त्यांवर वाहनतळ करण्याचा मोह आवरावा, गाळ उपसावा, आणि गच्चीचे नळ वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीला जोडावेत. हे काम वैशाखातच पुरे व्हायला हवे. जूनच्या पहिल्या सरींचे पाणी गच्चीवरची धूळ व पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, म्हणून दोनतीन मोठ्या सरी होईपर्यंत झडप बाहेरच्या बाजूला ठेवावी, आणि नंतर ती विहिरीकडे फिरवावी.